पानांतले ऊन कॅमेऱ्यात कसे धरावे

मे महिन्यातल्या दुपारी चिंचेखाली उभे राहून जमिनीकडे पाहिले, तर मातीवर उन्हाचे असंख्य ठिपके पसरलेले दिसतात. मराठीत आपण त्यांना कवडसे म्हणतो. ज्या फटींतून हे ऊन खाली येते, त्या मात्र वेड्यावाकड्या असतात: कुठे दोन पानांच्या कडांमधली चिंचोळी जागा, कुठे किडीने खाल्लेल्या पानातले भोक, तर कुठे तीन डहाळ्या एकमेकींना छेदतात तिथला त्रिकोण. तरीही खाली पडलेले ठिपके बहुतांशी गोल असतात आणि एकाच फांदीखालचे ठिपके जवळजवळ सारख्याच आकारमानाचे असतात. कवडशांची छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्याने कॅमेऱ्याच्या बटणांआधी या गोलपणाचे कारण समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. कारण कोणत्या वेळी जावे, कुठे उभे राहावे आणि चित्रातला कोणता भाग सांभाळावा, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या एका कारणापाशी येऊन थांबतात.

ते कारण असे की, सूर्य आपल्याला बिंदूसारखा दिसत नाही, तर सुमारे अर्ध्या अंशाच्या थाळीसारखा दिसतो. पानांमधली लहानशी फट त्या थाळीच्या प्रत्येक भागाकडून आलेल्या किरणांना वाट देते, परंतु प्रत्येक भागाचे किरण थोड्या वेगळ्या दिशेने येत असल्यामुळे ते जमिनीवर थोड्या वेगळ्या ठिकाणी पोहोचतात. थाळीच्या वरच्या कडेचे ऊन खालच्या बाजूला पडते, डाव्या कडेचे उजवीकडे, आणि अशा रीतीने जमिनीवर सूर्याचीच उलटी प्रतिमा उमटते. म्हणजे कवडसा ही फटीची आकृती नसून सूर्याचे चित्र आहे, आणि झाड हा हजारो छिद्रांचा कॅमेरा आहे. वेताच्या विणीतल्या चौकोनी भोकांतून आलेले ऊन गोल का दिसते, हा प्रश्न प्राचीन ग्रीकांना पडला होता. त्याचे भूमितीच्या आधारे समाधानकारक स्पष्टीकरण योहानेस केप्लरने १६०४ साली प्रसिद्ध केले.

याचा पुरावा ग्रहणाच्या दिवशी कोणत्याही झाडाखाली मिळतो. सूर्याचा लचका तोडल्यासारखा दिसू लागला की सगळे कवडसेही चंद्रकोरीसारखे होतात, आणि तेही उलट्या बाजूने तोंड करून. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाचा कंकणाकृती पट्टा केरळ आणि तमिळनाडूतून गेला, तेव्हा त्या पट्ट्यातल्या झाडांखाली कवडशांच्या बांगड्या झाल्या. महाराष्ट्रात ते ग्रहण खंडग्रास होते, त्यामुळे इथल्या कवडशांना कोरीचा आकार आला. पुढचे खंडग्रास ग्रहण महाराष्ट्रातून २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर दिसायचे आहे, परंतु तो ऐन पावसाळा असल्याने उघडीप मिळेलच असे नाही. मिळाली, तर स्वयंपाकघरातली सुट्या-सुट्या भोकांची चाळणी जमिनीपासून हातभर वर धरली तरी कितीतरी कोरी जमिनीवर उमटतील आणि त्यांचे छायाचित्र सूर्याकडे कॅमेरा न रोखता काढता येईल.

आता या भूमितीतून एक आकडा हाती येतो, जो छायाचित्रकाराने पाठ करून ठेवावा. सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे, म्हणून फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराला १०८ ने भागले की कवडशाची रुंदी मिळते. जपमाळेच्या मण्यांमुळे हा आकडा आपल्याकडे विसरला जाणे कठीण आहे. फट ५ मीटर उंचीवर असेल आणि सूर्य डोक्यावर असेल, तर कवडसा साडेचार सेंटिमीटरांपेक्षा किंचित मोठा पडतो. १० मीटरांवर असेल, तर ९ सेंटिमीटरांहून थोडा मोठा. अंगणातल्या तुळशीच्या पानांमधून अर्ध्या मीटरवर पडलेला कवडसा मात्र जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा असतो.

हाच भागाकार सावलीच्या कडेलाही लागू पडतो. पानाची सावली ज्या भिंतीवर पडते, ती भिंत पानापासून एक मीटरवर असेल, तर सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात विरघळलेली असते. भिंत एका वितीवर असेल, तर तीच कड चाकूने कापल्यासारखी दिसते. त्यामुळे पपईच्या किंवा अळूच्या पानाची शिरांसकट रेखीव सावली हवी असेल, तर भिंतीला जवळजवळ टेकलेले रोप शोधावे लागते, आणि ऊन-सावलीचा मऊ, पाण्यासारखा हलणारा पोत हवा असेल, तर उंच झाड शोधावे लागते. अनेकजण अशा वेळी लेन्सला दोष देतात किंवा फोकस चुकला असे समजतात. वास्तविक ती सावलीच मऊ असते, आणि कितीही महाग लेन्स घेतली तरी ती टोकदार होणार नाही. एकाच चौकटीत जवळच्या डहाळीची रेखीव सावली आणि उंच शेंड्यातून आलेले मऊ गोळे एकत्र आले, की त्या सपाट जमिनीच्या चित्राला वर न दिसणाऱ्या झाडाची उंची मिळते. माझ्या मते हा या विषयातला सर्वांत सुंदर परिणाम आहे.

सूर्य तिरपा असला की दोन गोष्टी बदलतात. किरणांचा मार्ग लांबतो, म्हणून कवडसा मोठा होतो, आणि जमीन त्या मार्गाला तिरकी छेदते, म्हणून तो लांबट होतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना ५ मीटर उंचीच्या फटीचा कवडसा ९ सेंटिमीटरांहून थोडा रुंद आणि त्याच्या दुप्पट लांब पडतो. सपाट जमिनीवर अगदी वर्तुळाकार कवडसे हवे असतील, तर पुण्या-मुंबईकडे मे महिन्याच्या मध्यावर, शून्य सावलीच्या, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याच्या, दिवसाच्या आसपास, भर दुपारी बाहेर पडावे. उलट डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात मध्यान्हीचा सूर्यही ४८ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर कवडसे लंबगोल राहतात. मला व्यक्तिशः हिवाळ्यातले, नोव्हेंबर ते जानेवारीतले कवडसे अधिक आवडतात. तेव्हाचे ऊन झाडाच्या बाजूने आत शिरते आणि जमिनीबरोबर खोडांवरही उतरते, आणि उभ्या खोडावर पडलेला कवडसा सालीचा खडबडीतपणा जसा उचलून दाखवतो तसा मातीचा दाखवत नाही.

वेळेचा आणखी एक हिशेब आहे. आकाशात सूर्य ताशी १५ अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीइतके अंतर तो साधारण दोन मिनिटांत कापतो. कवडसा हे त्याचेच चित्र असल्यामुळे कवडसाही दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. दगडी पायरीच्या कडेवर बरोबर बसलेला कवडसा पाहून तिवई उभी करायला गेलो, तर ती उभी होईपर्यंत तो तिथून निघून गेलेला असतो. म्हणून तो आत्ता कुठे आहे यापेक्षा चार मिनिटांनी कुठे असेल, याचा अंदाज बांधून कॅमेरा आधी लावून ठेवावा. सकाळी कवडसे पश्चिमेकडून झाडाच्या बुंध्याकडे येतात आणि दुपारनंतर पूर्वेकडे दूर जातात. एकदा हे अंगवळणी पडले, की वाट पाहणे सुसह्य होते. वाऱ्याने होणारी हालचाल याहून वेगळी आणि पुष्कळ जलद असते. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असल्याने ते झुळूकही नसताना थरथरते, आणि त्याखालचे कवडसे एका क्षणात उजळतात व विझतात. ते गोठवायचे असतील, तर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते. वडाखाली आणि आंब्याखाली इतकी घाई नसते. आंब्याची पालवी दाट असल्यामुळे त्याखाली कवडसे थोडे आणि सुटे-सुटे पडतात, गुलमोहराखाली बारीक पर्णिकांमुळे ते एकमेकांत मिसळून जाळी तयार होते, आणि रेन ट्रीची पाने संध्याकाळकडे मिटू लागत असल्याने दिवस कलताना त्याच्या छत्रातून दुपारपेक्षा अधिक ऊन झिरपते.

यानंतरचा भाग सर्वांत अवघड आहे, तो म्हणजे उजेडाचे प्रमाण. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. उघड्या आकाशाखाली, एखाद्या इमारतीच्या सावलीत, तो दहा हजारांच्या आसपास असतो, आणि दाट झाडाखाली एक-दोन हजारांपर्यंत उतरतो. छायाचित्रकार हे प्रमाण स्टॉपमध्ये मोजतात; प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला. या हिशेबाने दाट झाडाखालची सावली आणि तिच्यातला झगझगीत कवडसा यांत सहा स्टॉपांचा, म्हणजे साठ-सत्तर पटींचा फरक असू शकतो. त्यात कवडसा पांढऱ्या धोतरावर पडलेला असेल आणि सावलीत काळा कातळ असेल, तर वस्तूंच्या स्वतःच्या रंगामुळे आणखी चार-पाच स्टॉपांची भर पडते. चांगला आधुनिक कॅमेरा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात बारा ते चौदा स्टॉप नोंदवतो, परंतु त्यांतले अगदी खालचे स्टॉप दाणेदार ठिपक्यांनी भरलेले असतात, आणि फोनचा इवलासा सेन्सर यात पुष्कळ मागे पडतो. आपल्या डोळ्यांना हे सारे एकाच वेळी दिसते, कारण नजर जिथे वळते त्यानुसार डोळा जुळवून घेतो आणि मेंदू ते तुकडे जोडतो. कॅमेऱ्याला एका क्षणात सगळ्या चौकटीसाठी एकच माप घ्यावे लागते.

आणि ते माप तो चुकीचे घेतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. झाडाखालच्या चौकटीचा बहुतेक भाग सावलीत असल्यामुळे तो सावलीला करडे बनवण्याच्या नादात सगळे चित्र उजळ करतो, आणि कवडसे पांढरेफटक होऊन जातात. पांढऱ्याच्या टोकाला पोहोचलेल्या भागात पोत, रंग, काहीच उरत नाही आणि नंतर संगणकावर तो परत आणता येत नाही. सावलीत मात्र थोडे काही शिल्लक असते. म्हणून डिजिटल छायाचित्रणात उजेड आधी सांभाळावा, अंधार नंतर पाहावा. निगेटिव्ह फिल्मचा नियम याच्या उलट होता. ती फिल्म जादा उजेड सहन करायची, पण सावलीत कमी पडली तर कोरी राहायची, त्यामुळे जुने छायाचित्रकार सावली धरून माप घेत असत. फिल्मवर शिकलेल्या अनेकांची डिजिटल चित्रे सुरुवातीला याच सवयीमुळे बिघडली.

प्रत्यक्षात करायचे इतकेच, की एक्स्पोजर भरपाई, म्हणजे कॅमेऱ्याने घेतलेले माप कमी-जास्त करण्याची सोय, उणे एक ते उणे दोनवर न्यावी, एक चित्र घ्यावे, हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा, आलेख उजव्या भिंतीला चिकटला आहे का ते पाहावे, आणि चिकटला असेल तर आणखी खाली यावे. मोजमापाची साधने हाताशी नसतील, तर भर उन्हाचा जुना नियम उपयोगी पडतो: आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० असताना एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचे माप) आणि १/१०० सेकंद, किंवा त्याच्याच बरोबरीचे एफ/८ आणि १/४०० सेकंद. मोठ्या फटीतून आलेला कवडसा हे प्रत्यक्ष ऊनच असल्यामुळे हे माप त्याला लागू पडते.

मोठ्या फटीतून, असे मुद्दाम म्हटले, कारण सगळे कवडसे सारखे तेजस्वी नसतात. फट सूर्याच्या प्रतिमेपेक्षा लहान असेल, तर जमिनीवरच्या कोणत्याही बिंदूला सूर्याच्या थाळीचा फक्त एक तुकडा दिसतो. ५ मीटर उंचीवरच्या एक चौरस सेंटिमीटर फटीतून जो सुबक गोल कवडसा पडतो, त्याला भर उन्हाच्या साधारण सतराव्या हिश्श्याइतकाच उजेड मिळतो. यातून एक सोयीची गोष्ट निघते: जे कवडसे सर्वांत रेखीव गोल असतात तेच मंद असतात, आणि जे झगझगीत असतात ते वेडेवाकडे असतात, कारण तिथे फट मोठी असल्यामुळे तिची स्वतःची आकृती डोकावते. दाट झाडाखाली असा मंद कवडसा भोवतालच्या सावलीपेक्षा दोन-एक स्टॉपच उजळ असतो, आणि तो कॅमेऱ्याच्या आवाक्यात सहज बसतो. नवशिक्याने चमचमणाऱ्या मोठ्या ठिपक्यांचा मोह टाळून या मंद गोळ्यांपासून सुरुवात करावी.

फोनने काढताना वेगळी काळजी घ्यावी लागते. आजचे फोन एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती एकत्र जोडतात, सावली उचलतात आणि उजेड दाबतात. बाजारातल्या गर्दीचे किंवा सहलीचे चित्र यामुळे सुधारते, परंतु कवडशांच्या चित्रात जो फरक हवा असतो तोच पुसला जातो आणि सगळीकडे एकसारखा, धुतल्यासारखा उजेड पसरतो. फोनमध्ये ही जोडणी, म्हणजे एचडीआर, बंद करण्याची सोय असेल तर ते बंद करावे. नसेल तर कवडशावर बोट दाबून धरून माप कायम करावे आणि बोट खाली ओढून चित्र गडद करावे. पडद्यावर ते आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त गडद दिसले तरी चालेल, कारण उन्हात उभे राहून पडदा पाहताना सगळेच गडद भासते.

रंगाचा प्रश्न त्यामानाने थोडक्यात आटोपतो. कवडशातले ऊन पिवळसर पांढरे असते. झाडाबाहेरच्या उघड्या सावलीत निळ्या आकाशाचा उजेड असतो, आणि पानांखाली त्यात हिरवा मिसळतो, कारण पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरव्यातला बराच भाग खाली झिरपू देते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, स्वयंचलित ठेवला, तर कॅमेरा सावली सुधारायला जातो आणि कवडसे नारिंगी करतो. तो 'ऊन' या खुणेवर पक्का करावा, म्हणजे कवडसे खरे दिसतात आणि सावली जशी असते तशी थंड राहते. तरीही हिरवी झाक खटकत असेल, तर चित्र कृष्णधवल करून पाहावे; ऊन-सावलीची बरीच चित्रे त्या रूपात अधिक बोलकी होतात.

माणसांची छायाचित्रे काढताना कवडसे बहुधा शत्रू असतात. झाडाखाली उभ्या केलेल्या कुटुंबाच्या चेहऱ्यांवर ठिपके पडले, की कुणाचे नाक चमकते, कुणाचा डोळा अंधारात जातो, आणि चेहऱ्याची ठेवणच मोडते. चितळाच्या अंगावरचे ठिपके आणि बिबट्याच्या कातड्यावरची नक्षी जंगलात त्याच तऱ्हेने शरीराची बाह्यरेषा मोडते, म्हणूनच चितळ दहा पावलांवर असूनही पटकन दिसत नाही. आपल्याला चेहरा लपवायचा नसून दाखवायचा असतो, तेव्हा माणसांना पूर्ण सावलीत उभे करावे आणि कवडसे त्यांच्या मागच्या जमिनीवर राहू द्यावेत. याला एक अपवाद आहे. एकच माणूस असेल, वेळ असेल आणि एक मोठा, मऊ कडेचा कवडसा नेमका डोळ्यांच्या पट्ट्यावर किंवा कामात गुंतलेल्या हातांवर पडत असेल, तर बाकी सगळे अंधारात सोडून द्यावे. गजरा ओवणाऱ्या बाईच्या बोटांवर असे ऊन पडलेले असताना तिचा चेहरा उजळ दिसलाच पाहिजे, असा आग्रह कशासाठी?

घराबाहेर न पडताही हा सराव होऊ शकतो. खिडकीचे गज, गॅलरीतली बांबूची चिक, रोपवाटिकेतले हिरवे शेडनेट, पत्र्याच्या छपराला खिळ्यांनी पडलेली भोके, मंडईतल्या फाटक्या ताडपत्र्या, या सगळ्यांतून तेच घडते जे झाडाखाली घडते. पत्र्याच्या भोकातून शेडच्या जमिनीवर पडणारा गोल हाही सूर्याचाच गोल असतो. चिकेच्या सावलीत पट्ट्यांची दिशा एकच असल्याने चित्र कंटाळवाणे होण्याचा धोका असतो. त्या पट्ट्या एखाद्या गोलाईवर, जसे की माठावर किंवा घडी न घातलेल्या चादरीवर पडल्या, की वस्तूचा घाट त्या वाकवून दाखवतात.

हवेत दिसणारा किरणांचा झोत ही यातली निराळी गोष्ट आहे. प्रकाश बाजूने दिसत नाही. धूर, धूळ किंवा धुके यांच्या कणांवर आदळून विखुरला तरच त्याची वाट दिसते. असे कण बराचसा प्रकाश पुढच्याच दिशेला विखुरतात, म्हणून झोत ठळक हवा असेल तर ऊन ज्या बाजूने येते तिकडे तोंड करून, पण सूर्य किंवा फट चौकटीबाहेर ठेवून उभे राहावे, आणि मागे काहीतरी गडद असावे. पोफळीच्या बागेत हिवाळ्यात पहाटेचे धुके विरत असताना हे सहज जमते.

कोकणातल्या कौलारू घरांत उजेडासाठी एखादे काचेचे कौल बसवलेले असते. अशाच एका घराच्या स्वयंपाकघरात मी एक सकाळ काढली. चुलीचा धूर कौलापर्यंत चढत होता आणि त्यातून तिरपा झोत खाली येत होता. कौल सूर्याच्या प्रतिमेपेक्षा पुष्कळ मोठे असल्यामुळे जमिनीवर गोल न पडता कौलाचाच लांबट चौकोन पडला होता, फक्त त्याच्या कडा चार-पाच सेंटिमीटर विरघळलेल्या होत्या, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांचे वळसे त्या चौकोनापुरतेच दिसत होते. कोपऱ्यात जाते होते. मिनिटाला दोन-अडीच सेंटिमीटर या वेगाने तो चौकोन जात्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला. तोपर्यंत मी उन्हावर माप घेऊन कॅमेरा तिवईवर लावून ठेवला होता, उणे दोनवर, आणि घरातल्या आजींना फक्त एवढीच विनंती केली होती की चूल विझवू नका.